पेव, बराख, काहील : एका पुस्तकाची प्रस्तावना

पेव उघडलं की आधी आत माणूस उतरत नसे. दिवा उतरत असे. दोरीला बांधलेला कंदील हळूहळू खाली सोडायचा. ज्योत तेवत राहिली तर ठीक. विझली तर तोंड उघडं टाकून आणखी एक दिवस थांबायचं. कडक मुरमात खणलेला तो खड्डा तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर असे. आतून कडब्याचं नाहीतर काडाचं अस्तर, तोंडावर शिळा, शिळेवर लिंपलेली माती. एकदा तोंड बंद झालं की आतली ज्वारी श्वास घेत राहायची आणि कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपवून टाकायची. मग सोंडे गुदमरून मरायचे आणि धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. जी हवा धान्य राखायची, तीच घाईने उतरणाऱ्याचा जीव घ्यायची. पेवात उतरलेला माणूस वर आलाच नाही, अशा गोष्टी दख्खनभर ऐकायला मिळतात.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अन्नाच्या साठवणीवर लिहिते आहे असं सांगितलं, की ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि तो कुरडईवर बोलू लागतो. आजीचं अंगण, जुन्या लुगड्यावर घातलेलं वाळवण, चोरून खाल्लेला चीक. या आठवणींशी माझं भांडण नाही, माझ्याही आहेत. पण त्यांच्यात वाळवण म्हणजे उन्हाळी सुट्टीतला एक खेळ होऊन बसतो. ज्या बायकांना ते करावं लागे त्यांच्या लेखी ती बेगमी होती, आणि बेगमी या शब्दाच्या पोटात भीती आहे. पुढच्या वर्षी मिळेल का, ही ती भीती. पेवातला कंदील आणि अंगणातली कुरडई एकाच भीतीची लेकरं आहेत, म्हणून सुरुवात कंदिलापासून केली.

या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं. या दोन तालुक्यांचा नकाशा एका साध्या प्रश्नाने आखला आहे : हे किती दिवस टिकतं? दूध काही तास. तोडलेला ऊस जेमतेम दिवसभर. उन्हाळी कांदा चार-पाच महिने. गूळ आणि कुरडई वर्षभर. पेवातली ज्वारी कित्येक वर्षं. ज्या वस्तूची जेवढी मुदत, तेवढ्या अंतरावर तिची जागा आणि तिचा धनी. छप्पर सपाट की उतरतं, वाडीपर्यंत डांबरी रस्ता कशासाठी आला, गावात शब्द कोणाचा चालतो, हे सगळं मी या प्रश्नाचा माग काढत पाहत गेले. म्हणून प्रकरणंही पदार्थांच्या नावांनी लावलेली नाहीत. ती मुदतीच्या क्रमाने लावली आहेत. पहिलं दुधाचं, शेवटचं पेवाचं.

हा प्रश्न इथेच एवढा तीव्र का, याचं उत्तर आकाशात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या आसपास वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला आलं की तो पाचशेच्या आसपास येतो, आणि कित्येक वर्षी तेवढाही पडत नाही. नद्या मात्र भरून येतात. भीमा, घोड, कुकडी या डोंगरातून उतरतात. मुळा-मुठा पुण्याचं पाणी घेऊन येते आणि शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पाऊस दुसऱ्याच्या डोंगरावर पडावा आणि पाणी आपल्या दारावरून पुढे जावं, अशी ही जागा. काठावरच्या पट्टीचं एक नशीब आणि चार कोस वरच्या माळाचं दुसरंच.

पावसाने पाठ फिरवली तरी उन्हाने हात दिला, हे मात्र मान्य करायला हवं. कोकणात वस्तू टिकवायची तर मीठ लागतं; तिथली हवाच ओली. कैरी खारात बुडते, फणसाचे गरे खारवतात, बऱ्याच मासळीलाही मीठ चोळून ऊन दाखवायचं. देशावरच्या चैत्र-वैशाखात मिठाचं काम हवा करते. सकाळी घातलेली गवार संध्याकाळी कुरकुरीत होते. म्हणून इथली साठवण खारवण्याची नाही, वाळवण्याची. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवायचा, मेथी वाळवायची, वांग्याच्या आणि कारल्याच्या काचऱ्या करायच्या, चिंच फोडून गोळे करून ठेवायचे. पूर्वेकडे सरकत गेलं की जुन्या घरांची छपरंही सपाट होत जातात. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर चिल्लारं अंथरून वर पांढऱ्या मातीचा थर दिलेलं धाबं. कमी पावसाच्या मुलखातच असलं छप्पर परवडतं. एकदा ते सपाट झालं की घराला दुसरं अंगण मिळतं; कोंबड्या-शेरडांपासून दूर आणि उन्हाच्या जवळ. पुढे सिमेंटचा स्लॅब आला तेव्हा इथल्या बायकांना काही नवं शिकावं लागलं नाही. त्यांचं माळवदच पक्कं झालं.

आता थोडं मागे जाते. थोडं म्हणजे साडेतीन हजार वर्षं.

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथलं पांढरीचं टेकाड उकरलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं. ते लोक जव पिकवत, थोडा गहू पिकवत, मसूर खात, हुलगा खात. हुलग्याचे शेंगोळे आजही या भागात घरोघर होतात. त्या ताटामागे तीन हजार वर्षांचा हिशेब आहे, हे करणारीला कोणी सांगत नाही आणि तिचं काही अडतही नाही.

मला इनामगावात सर्वांत जास्त अडवून धरलं ते साठवणीच्या जागांनी. जमिनीत खणलेली, आतून चुन्याने लिंपलेली धान्याची बळदं. घराच्या भुईवर रांजण टेकवायला मांडलेले चार चपटे दगड. कणग्यांसाठी केलेले मातीचे गोल ओटे. आणि सुरुवातीच्या जोर्वे काळातलं, म्हणजे सनापूर्व १४०० ते १००० मधलं, पाच दालनांचं एक मोठं घर. त्याला लागून धान्याचं कोठार. बाकीची घरं लहान, हे एकच ऐसपैस, आणि कोठार त्याच्याच शेजारी. ढवळीकरांनी ते गावच्या प्रमुखाचं घर मानलं. ज्याच्या भिंतीला कोठार लागून तो प्रमुख, हे शिरूर तालुक्यात तेव्हापासून ठरलेलं दिसतं. पुढे कोठाराची नावं बदलली : पाटलाचं बळद, सावकाराचं पेव, व्यापाऱ्याची वखार.

त्याच गावात मेलेली लेकरं मातीच्या भांड्यांत पुरत; दोन कुंभांची तोंडं एकमेकांना जुळवून, घराच्याच भुईखाली. धान्यही भुईखाली, लेकरूही भुईखाली. यातून फार काही सिद्ध होत नाही, पण भांड्यात घालून जमिनीत ठेवलेलं काहीतरी राखलं जातं, असं त्या माणसांना वाटत असावं, ही शंका मला सोडत नाही.

सनापूर्व १००० च्या सुमारास हवा कोरडी होत गेली. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, धान्य घटलं, जनावरांची हाडं वाढली. शेवटी सातशेच्या सुमारास गाव उठलं. कणगी रिकामी झाली की गाव हलतं, हा या मुलखाचा पहिला ज्ञात दुष्काळ. दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ ते ७८ चा, १८९६-९७ चा, लगोलग १८९९-१९०० चा, मग बहात्तरचा. माळा लांब आहे. केडगावचं मुक्ती मिशनसुद्धा या माळेतच गुंफलेलं आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेने अर्धमेल्या मुली आणि विधवा आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या या माळावर विहिरी खणून, शेती करून त्यांना जगवलं. उपाशी माणसांना जगवण्यासाठी निवडलेली जागा स्वतःच अवर्षणाच्या पट्ट्यात असावी, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पेवाकडे परत येते. पेव हे गरिबाचं नव्हतं. शंभर मण ज्वारी वर्षभरासाठी जमिनीत घालायची तर ती आधी खाण्यातून उरायला हवी. पीक खळ्यावर आलं की बलुतेदारांचं बलुतं निघे, सरकारचा सारा निघे, आणि उरलेल्यातलं बरंचसं सावकाराच्या घरी जाई. मग पेरणीच्या तोंडावर तोच शेतकरी त्याच सावकाराकडे जाऊन आपलंच धान्य सवाईने, दिढीने उचली. सवाई म्हणजे चाराला पाच, दिढी म्हणजे चाराला सहा. तेही एका हंगामात. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. सुपं आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात आजच्या दौंडचा मुलूखही येई. लोण शिरूरकडेही पोचलं. दंगेखोरांनी आधी मागितले ते कर्जरोखे, आणि मिळाले ते जाळले. इतिहासाच्या पुस्तकांत हे दख्खनचे दंगे कागदाचे दंगे म्हणून येतात. माझ्या वाचनात ते साठवणीचेही आहेत. कागद जाळला म्हणजे पेवावरचा सावकाराचा हक्क जळला.

त्यानंतर पेव हळूहळू मेलं, आणि त्याला मारणाऱ्यांत रेल्वेचाही हात आहे. १८५८ ते १८६० या काळात लोहमार्ग पुण्याहून दौंडवरून सोलापूरकडे गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. रेल्वेने दुष्काळात धान्य आणलं, हे खरं. चांगल्या वर्षी तिने धान्य नेलंही. भाव मुंबईत ठरू लागल्यावर चार वर्षांची ज्वारी जमिनीत कोंडून ठेवण्यात शहाणपण उरलं नाही. सारा रोख भरायचा होता. बेगमी भुईतून निघाली आणि मालडब्यात चढली.

सांगली-हरिपूरला हळदीची पेवं त्यापुढेही शतकभर चालली, कारण हळदीचं व्यापाऱ्याला काम होतं. २००५ च्या पुराचं पाणी त्यांतही शिरलं.

एक आडवळण घेते. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. तिथले कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये वारले, आणि काही वर्षांत त्यांच्या थडग्याला लोक ‘सत्पुरुष’ म्हणून नवस बोलू लागले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की सुगीच्या वेळी आसपासच्या गावांतली माणसं नव्या धान्याचा नैवेद्य या गोऱ्या साहेबापुढे ठेवत. ब्राह्मण आणि मारवाडी तेवढे वगळून. साहेब जिवंतपणी काय करत होता ते गावाला महत्त्वाचं नव्हतं; खळ्यावरचं धान्य घरात येण्याआधी कोणातरी राखणदाराला दाखवून घ्यायचं होतं, आणि थडगं जवळ होतं. रोगराई आणि नासधूस यांच्याविरुद्ध केलेली ही साठवणीचीच एक पूर्वतयारी.

धान्य पेवातून घरात आलं तेव्हा ते बायकांच्या ताब्यात आलं. ‘ताब्यात’ म्हणताना जरा थांबते, कारण किल्ली बहुधा सासूच्या कमरेला असे. पण काय कशात किती दिवस राहतं, हे ज्ञान पूर्णपणे त्यांचं. कणगीला आत-बाहेरून शेणमातीचा हात द्यायचा. मुगाला, मटकीला चुलीतली चाळलेली राख चोळायची. ती दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि किड्याचं अंग खरवडते. कणगीच्या तळाला कडुलिंबाचा पाला. बियाण्याची कणसं वेगळी काढून आढ्याला, चुलीच्या धुराच्या वाटेत टांगायची. खाण्याचं धान्य आणि बियाण्याचं धान्य कधी एकत्र करायचं नाही, मग पोरं उपाशी झोपली तरी. बहात्तरच्या दुष्काळात हा नियम कित्येक घरांत मोडला. लोक खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामांवर गेले, सुकडी खाऊन राहिले, अमेरिकेहून आलेल्या लालसर मिलो ज्वारीच्या भाकरी नाइलाजाने गिळल्या. बियाणं दळलं गेलं होतं. ज्या घरात ते दळलं गेलं त्या घरातली म्हातारी आजही मिलोची चव सांगते, पण ती पाटी दळायला कोणी नेली ते सांगत नाही.

कुरडईबद्दल आता बोलायला हरकत नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी दाणा बोटाने दाबला की पांढरं दूध सुटतं. मग वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा, रात्रभर निवू द्यायचा, सकाळी वरची निवळ ओतून टाकायची. उकळत्या पाण्यात चीक घालून घोटायचा. हे घोटणं एकटीच्या मनगटाचं काम नव्हे, म्हणून वाडीतल्या चौघी जणी सावडीने एकमेकींकडे जातात. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या. उन्हं वर यायच्या आत सोऱ्यातून चक्रं पडायला हवीत. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात. टाकायचं काही नाही. शिरूरच्या बाजरीच्या पट्ट्यात खारोड्या होतात : भरड बाजरी शिजवून, तीळ-लसूण-तिखट घालून, हाताने तोडून वाळवलेल्या. सकाळी रानात निघताना मूठभर खारोड्या आणि शेंगदाणे पदरात बांधले की न्याहारी झाली.

या सगळ्यात एक वही लिहिलेली असते, कागदाशिवाय. कोणाच्या घरी वर्षाच्या आत मयत झालं आहे, त्या घरात यंदा पापड-कुरडई होणार नाही; मग भावकीतून, माहेरून त्यांच्या वाटणीचा डबा जातो. लेकीच्या रुखवतात किती कुरडया गेल्या, हे जावांच्या लक्षात वीस वर्षं राहतं. लोणच्याच्या बरणीला विटाळाची बाई शिवली तर लोणचं नासतं, असं मला लहानपणी सांगितलेलं. बरणीत ओला चमचा घालणाऱ्या काकांना मात्र कोणी काही म्हणत नसे. नासायचं कारण तोच चमचा होता, हे बरणीलाही माहीत असावं.

मासवडीवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि ते लांबलं आहे याची मला जाणीव आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्याचा हा पदार्थ. बेसन शिजवून थापायचं, आत तीळ, सुकं खोबरं, खसखस, कांदा-लसूण, तिखट यांचं सारण, गुंडाळी करून काप, वर काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. कापाचा आकार माशाच्या तुकडीसारखा, म्हणून नाव मासवडी. यात ताजं असं जवळजवळ काही नाही. डाळ कणगीतली, तीळ डब्यातले, खोबरं वाळलेलं आणि तेही किनाऱ्याकडून आलेलं, मसाला उन्हाळ्यात डंकावर कांडून भरलेला, कांदा बराखीतला, म्हणजे चाळीतला. नदी आटली, बाजार लांब, पाहुणा दारात. तेव्हा साठवणीच्या डब्यांतून मासा घडवायचा. खरा सुका मासाही येई. सुकट, बोंबील, वाकट घाटावरच्या प्रत्येक आठवडे बाजारात असतात, कारण सुकवलेली मासळी घाट चढून येऊ शकते. घोडनदी ओलांडून नगरकडे गेलं की येसराची आमटी भेटते. भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ डब्यात तयार असलं की घटकाभरात वाढता येते. मासवडी आणि येसर यांच्यातली रेघ नकाशावरच्या जिल्ह्याच्या रेघेपेक्षा मला खरी वाटते, जरी ती थोडी पुसट आहे.

ज्यांच्या घरी कणगीच नव्हती त्यांच्याविषयी वाळवणाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. महार-मांग वस्तीत मेलेल्या जनावराचं मांस वाटणीला आलं की ते एका दिवसात खाऊन संपणारं नसे. लांब पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून त्याच्या चान्या करत. पावसाळ्यात काम नसायचं तेव्हा त्या मूठभर चान्यांवर कालवण व्हायचं. उन्हाचं तंत्र तेच, दोरी तीच, पण कुरडई गच्चीवर मिरवली आणि चान्या वेशीबाहेर राहिल्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या या अन्नाची नीट, न लाजता नोंद केली (२०१५). त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. माझ्या दोन तालुक्यांतल्या चान्यांच्या नोंदी मला मुख्यतः साठी ओलांडलेल्या बायकांकडून मिळाल्या, आणि त्यांतल्या दोघींनी आधी दार लावून घेतलं.

मग पाणी आलं. खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकात बांधलं गेलं आणि मुठा उजव्या कालव्याने दौंडच्या बाजूची जमीन भिजू लागली. शिरूरला पुढे घोड धरणाचं आणि चासकमानच्या कालव्याचं पाणी पोचलं. उजनी भरल्यावर तिचा फुगवटा दौंडच्या पूर्व टोकापर्यंत आला. ज्वारी मागे हटली, ऊस पुढे सरकला. आणि ऊस हे टिकण्याच्या बाबतीत अगदी हलकं पीक. तोडला की त्यातली साखर मोडायला लागते; चोवीस तासांत चरकात गेला पाहिजे. म्हणून पाटसच्या भीमासारख्या कारखान्यांभोवती गाड्यांचं रिंगण उभं राहतं, आणि गुऱ्हाळ तर थेट उसातच बसतं.

राहू, केडगाव, यवतच्या बाजूला रात्री गेलात तर गुऱ्हाळ आधी नाकाला कळतं. चिपाडाचा जाळ चुलवणात, वर काहिलीत रस. चुना टाकून आंबटपणा मारायचा, रानभेंडीच्या खोडाचा चीक घालून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढत राहायची. गुळव्या काहिलीकडे बघत असतो, बोलत नाही. पाक बोटाने उचलून थंड पाण्यात सोडतो. त्याची गोळी भांड्याच्या कडेवर आपटून टणक आवाज आला की काहील उतरवायची. दहा सेकंदं उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवला तर पावसाळ्यात पाघळतो. टनभर उसाचा साधारण एक ते सव्वा क्विंटल गूळ. कारखान्याचा हंगाम संपला तरी इथली कित्येक गुऱ्हाळं पेटलेली असतात. शहरातल्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून कुठे हायड्रोस पडतं, कुठे साखरही पडते. खरा टिकाऊ गूळ तांबूस असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. गुळव्याचं बोट मला या पुस्तकात कागदावर उतरवता आलेलं नाही. मी चार रात्री बसले, तरी.

शिरूरचं खरं आजचं पेव म्हणजे कांद्याची बराख. नाशिककडे चाळ म्हणतात, सरकारी योजनेतही कांदाचाळच. पण शिरूर-आंबेगाव-जुन्नरला बराख. गरव्या जातीचा, उन्हाळ्यात काढलेला कांदाच तिच्यात जातो. हळवा कांदा टिकत नाही. काढलेला कांदा तीन-चार दिवस त्याच्याच पातीखाली शेतात सुकवायचा, मान बारीक होऊन मिटली पाहिजे, मग मानेचा थोडा देठ ठेवून पात कापायची. जाड मानेचा कांदा निवडून बाजूला, कारण तोच शेजारच्या दहांना घेऊन जातो. बराख अरुंद, जमिनीपासून उचललेली, वारा आरपार जाईल अशी. पत्रा तापतो म्हणून त्यावर उसाचं पाचट पसरतात. दौंडचा ऊस असा शिरूरच्या कांद्याला सावली देतो. पाच महिन्यांत वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, निघून जातो. थोडा वाळून, थोडा कोंब येऊन, थोडा काजळी धरून.

पेव बंद केलं की निवांत. बराखीचं तसं नाही. ज्याची बराख भरलेली तो रोज सकाळी मोबाईलवर भाव बघतो आणि मग आत हात घालून वास घेतो. उन्हाळ्यात आठ रुपये होता, भाद्रपदात पंचवीस होईल, या हिशेबावर लेकीचं लग्न ठरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं तेव्हा बराखी भरलेल्या होत्या. साठवणारा पूर्वी आभाळाला भीत असे. आता तो दिल्लीच्या अधिसूचनेलाही भितो. या कांद्यात बेगमी किती आणि जुगार किती, हे मी वेगळं काढू शकलेले नाही. शेतकऱ्यालाही ते काढता येत नाही, असं त्यांच्याशी बोलून वाटलं.

दुधाचं थोडक्यात, कारण त्याचं प्रकरण पुस्तकात पहिलंच आहे. वाडीवस्तीवरचे कित्येक रस्ते माणसांसाठी उशिरा आणि दुधाच्या गाडीसाठी आधी झाले. दूध थांबत नाही. जिथे गाडी पोचत नसे तिथे त्याचं दही, ताक, लोणी, तूप होई. गाडी पोचली आणि घरातलं ताक गेलं. त्याची हळहळ पुरुष जास्त करतात, घुसळणाऱ्या बायका फारशी करत नाहीत.

यवतचं पिठलं मात्र लिहिलंच पाहिजे. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात येते आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. वाटेवरच्या गावांत गोडधोडाची चढाओढ चाललेली असताना यवतने पिठलं धरून ठेवलं आहे. दिवस पावसाच्या तोंडाचे. पेरणी नुकतीच झालेली किंवा व्हायची, रानात भाजीचं पान नाही. घरात काय असतं? ज्वारी-बाजरीचं पीठ, डाळीचं पीठ, लाल तिखट, लसूण, बराखीतला कांदा. लाखभर माणूस एका संध्याकाळी जेवू घालायचं आणि रानात काहीच नाही, अशा वेळी जे उरतं तेच ते ताट. वारकरी त्याला प्रसाद म्हणतात. मी त्याच्याकडे गावाची कणगी उघडून दाखवणं म्हणून पाहते, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही.

आता या पुस्तकात काय नाही तेही सांगते. पाककृतींची मापं नाहीत. ती विचारली तर ‘अंदाजाने’ एवढंच उत्तर मिळालं आणि ते खरं होतं. रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आलेल्या परराज्यातल्या माणसांची साठवण नाही, आणि ही उणीव मोठी आहे; रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांच्या गच्च्यांवर आता मोहरीच्या तेलातलं बिहारी लोणचं उन्हात असतं. बचत गटांच्या पाकीटबंद कुरडया आहेत, पण त्यांच्याविषयी माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. ज्या कुरडईला सावड लागत होती ती आता यंत्रावर होते, बाईच्या हातात रोख पैसा येतो, आणि मनगटं वाचतात. यावर गळा काढणं मला जमणार नाही.

शेवटच्या प्रकरणासाठी मला एक तरी पेव डोळ्यांनी पाहायचं होतं. भीमेच्या अलीकडच्या एका गावात जुन्या वाड्याच्या मालकांनी जागा दाखवली. तिथे आता ट्रॅक्टर उभा करतात. पेव त्यांच्या वडिलांनी बुजवलं, पण नीट दाबून भरलं नव्हतं. दर पावसाळ्यात तिथली जमीन वीतभर खचते, आणि दर दिवाळीला ते तिथे एक ट्रॉली मुरूम टाकतात. यंदाची ट्रॉली टाकून झाली होती.